हिरवी माती, वर क्रिमसन

रंगांच्या दुकानात त्याला काही मागावं लागत नसे. तो दार ढकलून आत आला की दुकानदार मागच्या फळीकडे वळायचा आणि एकेक ट्यूब काउंटरवर मांडायला लागायचा. टिटॅनियम व्हाइट, ती मोठी, कारण पांढरा त्याला पाण्यासारखा लागायचा. मग मातकट पिवळा यलो ऑकर, विटकरी बर्न्ट सिएना, गर्द निळा अल्ट्रामरीन, चिमूटभर वापरायचं शेंदरी व्हर्मिलियन, आणि सगळ्यात शेवटी ग्रीन अर्थ, म्हणजे हिरवी माती. नावाप्रमाणे मातीच ती, मळकट, अंगात जोर नसलेली, दुसरं कुठलंही गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकून बघत नसे. दुकानदार फक्त त्याच्यासाठी ती मागवायचा आणि तसं दर वेळी ऐकवायचाही, की तुम्ही रंगवायचं थांबलात की या उरलेल्या ट्यूबांनी मी दुकानाचं शटर रंगवणार. त्या दिवशीही हे बोलून झालं, तो ठरल्याप्रमाणे हसला, आणि हसता हसताच खिशातला फोन वाजला. फोन वहिनींचा होता. थोरल्या भावाच्या मागे वहिनी एकट्याच राहत होत्या आणि काही अडल्याशिवाय कुणाला फोन करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. इकडचं तिकडचं न विचारता त्या म्हणाल्या, "भाऊजी, सवड मिळाली की येऊन जा. आपली खारूताई परत आजारी दिसायला लागलीय."

खारूताई म्हणजे त्याची पुतणी, भावाची एकुलती एक मुलगी. ती जाऊन इतकी वर्षं झाली होती की तिच्या बरोबरीच्या मुलींची मुलं आता कॉलेजात जात होती. वहिनी तिच्या चित्राबद्दल बोलत होत्या हे त्याला कळलं, पण ते कळायच्या आधी एक क्षण गेला. म्हणजे ती आहे, कुठल्या तरी खोलीत आहे, आणि पुन्हा तसंच सगळं सुरू झालंय, आणि या खेपेला तरी आपण तोंड उघडायला हवं, असं काहीतरी त्या एका क्षणात मनात येऊन गेलं. मग दुकान जागेवर आलं. काउंटर, ट्यूबा, टर्पेंटाइनचा वास. तो म्हणाला, आजच येतो. फोन खिशात टाकून त्याने दुकानदाराकडे क्रिमसन मागितला, तो नवा, उन्हात न उडणारा. दुकानदाराने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने क्रिमसनचं नाव काढलं नव्हतं. नवीन प्रेमप्रकरण का, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ट्यूब पिशवीत टाकली.

घरून पॅलेट, ब्रश आणि तेलाची बाटली पिशवीत घालून तो निघाला. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन तो बसला. क्रिमसन. गर्द, ओला, आतून उजेड असल्यासारखा लाल. शिकत होता त्या वयात त्याला या रंगाचं वेडच होतं, जिथे तिथे तो क्रिमसन घालायचा. सावलीत घालायचा, आभाळात घालायचा, एकदा तर म्हशीत घातला होता. त्याच्या मास्तरांनी त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टा केली आणि मग एकदा शांतपणे समजावलं, की बाबा रे, जाड लावलास तर हा टिकेल कदाचित, पण तेलात पातळ करून वरून फिरवशील तर विसर. हा रंग पाहुणा आहे, राहायला आलेला नाही. थोडं ऊन लागलं की निघाला. त्याने ते ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. पुढे स्वतःच्या विद्यार्थ्यांना तो हेच, याच शब्दांत सांगत आला. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती, आणि बसच्या काचेवर डोकं टेकून तो नेमकी तीच सोय शोधत होता. नव्या क्रिमसनची ट्यूब त्याच्या मांडीला टोचत होती. हा टिकेल. शंभर वर्षं टिकेल. दोन तासांचं काम आहे, वहिनी चहा करतील, गालावर आणि ओठांवर लाली चढेल आणि संपलं. असं तो स्वतःला सांगत होता आणि त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

खारूताई हे नाव त्यानेच ठेवलेलं. पोरगी एका जागी मिनिटभर बसेल तर शपथ. खुर्चीवर एक पाय, खिडकीत दुसरा, तोंडात पेन्सिलीचं टोक. ती कॉलेजात जायला लागली तेव्हा दादाने हौसेने तिचं तैलचित्र काढायला सांगितलं आणि रोज दुपारी ती त्याच्या खोलीवर येऊन बसायला लागली. सुरुवातीला त्याच्या नाकी नऊ आले. ती सारखी उठायची, पॅलेटमध्ये नाक खुपसायची, ट्यूबांची नावं मोठ्याने वाचायची. पांढऱ्यात ऑकर, त्यात जरासं व्हर्मिलियन, तिच्या गालाचा रंग त्याने पहिल्याच दिवशी बरोबर कालवला आणि पुन्हा पुन्हा कालवायला नको म्हणून बराचसा एका डबीत भरून ठेवला. मग मध्ये काही दिवस तिची परीक्षा होती. ती परत आली, खुर्चीत बसली, त्याने डबी उघडून सुरीच्या टोकावर रंग घेतला आणि एक डोळा मिटून तिच्या गालाशेजारी धरून पाहिला. जुळेना. डबीतला रंग फार गुलाबी होता. डबीत रंग बदलत नाही. त्याला वाटलं, ऊन बदललं असेल, समोरच्या इमारतीला नवा पिवळा रंग दिलाय त्याची झाक येत असेल. त्याने डबीतल्या रंगात थोडी हिरवी माती घातली आणि रंग जुळला. पुढच्या आठवड्यात पुन्हा जुळेना. पुन्हा थोडी हिरवी माती. समोरची इमारत काही रोज रंगवत नव्हते. हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही, आलं. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती, की पोरगी आता शांत बसते. हात मांडीवर, मान किंचित कलती, पापण्या जड. तासन्‌तास. शिकली बसायला, असं म्हणून त्याने तिला शाबासकी दिली होती. तिनेही ती हसून घेतली. पॅलेटवर हिरवा पाहून ती म्हणाली होती, "काका, मी काय बेडूक आहे का?" आणि तो म्हणाला, गप बस, ओठ हलवू नकोस.

तो आनंदात होता, हेच त्याला कधी स्वतःशी नीट कबूल करता आलं नव्हतं. इतका आनंद त्याला आधी कधी झाला नव्हता आणि पुढेही फारसा झाला नाही. आधी काढलेला चेहरा त्याने सुरीने खरवडून काढला आणि नव्याने सुरुवात केली. कातडीच्या खाली काहीतरी मावळत होतं आणि ते जसंच्या तसं त्याच्या हातात येत होतं. डोळ्यांखाली निळसर राखाडी, कानशिलाशी मेणासारखा पिवळा, ओठांच्या कडेला रंगच नाही. मास्तरांनी जे शिकवलं ते, आणि शिकवलं नव्हतं तेही. रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्याची दुपार कधी येते असं त्याला व्हायचं. हिला काही होतंय का, हा प्रश्न मनात यायचा आणि यायचाच. पण तो प्रश्न विचारला तर तिला डॉक्टरकडे नेणार, आराम करायला लावणार, आणि चित्र अर्धवट राहणार. चित्र झालं की सांगू, एवढंच तर आहे, असं तो ठरवायचा. इतक्या सरळ शब्दांत त्याने तेव्हा ठरवलं होतं की नाही, हे आता सांगता येत नव्हतं. बहुधा शब्दांत नसेलच. नुसता कानाडोळा केला असेल. पण कानाडोळा केला होता हे नक्की, कारण डोळ्यांना दिसलं नसतं तर हाताने काढलं कसं असतं.

मग एका दुपारी दादा तिला न्यायला म्हणून आला आणि चित्रासमोर उभा राहिला. दादाला चित्रातलं फारसं कळत नसे, पण लेक कळत होती. हे काय रे, म्हणाला, आजारी दिसते पोर. आणि त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं, जरा घाबरूनच पाहिलं. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. दादा, मला अशीच दिसते, असं चार शब्दांचं. खारूताई मागे खुर्चीत पाय पोटाशी घेऊन पेंगत होती. तो म्हणाला, "माझंच चुकलं. हिरवा जास्त झाला. करतो ठीक." दादाचा जीव भांड्यात पडला. जरा तरतरीत कर म्हणाला, आमची दिसू दे. दुसऱ्या दिवशी त्याने अळशीच्या तेलात क्रिमसन पातळ केला, इतका पातळ की खालचं सगळं दिसावं, आणि मऊ ब्रशने गालांवर, ओठांवर, कानाच्या पाळीवर फिरवला. खालचा चेहरा खरवडायला त्याचा हात धजला नाही, तो फार चांगला उतरला होता. ओलसर लाली चढली आणि चित्रातली मुलगी उठून पळेल अशी झाली. मास्तरांचे शब्द त्याला तेव्हा आठवले. पण त्याला घाई झाली होती, आणि खरं सांगायचं तर तो पातळ लाल दिसतही फार सुंदर होता. चित्र घरी गेलं. त्यानंतर काही महिन्यांनी खारूताई जिन्यात चक्कर येऊन पडली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

जरा आधी. हे दोन शब्द त्या घरात पुढे वर्षानुवर्षं हिंडत राहिले. दादा ते घेऊनच गेला. वहिनी कधी बोलून दाखवत नसत, पण एकदा भांडी आवरता आवरता त्या म्हणाल्या होत्या की आई असून मला दिसलं नाही, आणि तो स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला हातात घेऊन उभा होता. त्याने पेला ठेवला आणि तो घरी गेला. गप्प बसणं सोपं नसतं असं म्हणतात, त्याला तर ते छान जमलं. उलट त्याचं भलंच झालं. त्या चेहऱ्यावर तो जे शिकला ते त्याने पुढे प्रत्येक चेहऱ्यात वापरलं. आधी हिरव्या मातीत सगळा चेहरा उभा करायचा, मग त्यावर मांसाचा रंग. लोक म्हणायला लागले, काय कातडी रंगवतो हा माणूस. त्याची पॅलेट कशी असते, कुठले रंग, कुठल्या क्रमाने, हे विचारायला मुलं लांबून यायची आणि तो पांढऱ्यापासून एकेक नाव सांगत यायचा. हिरव्या मातीशी आला की कुणीतरी विचारायचंच, हे तुम्हाला कसं सुचलं. तो म्हणायचा, असंच, करता करता. हे म्हणताना त्याला स्वतःची किळस यायची आणि तरी पुढच्या वेळी तो तेच म्हणायचा.

वहिनींनी दार उघडलं. थकल्या होत्या, पण घर लख्ख होतं, आणि त्यांनी त्याला आधी पाणी दिलं, मग बाहेरच्या खोलीत नेलं. चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवर होतं, दुपारचं ऊन सरळ त्याच्यावर येत होतं. मध्ये काही वर्षं तो या खोलीत आलाच नव्हता, आला तरी खिडकीकडे तोंड करून बसायचा. आता त्याने पाहिलं. क्रिमसन गेला होता. गालावरून पूर्ण गेला होता, ओठांच्या फटीत कुठेतरी गुलाबी रेघ उरली होती. आणि खाली ती होती, त्या दुपारची. निळसर, मेणचट, पापण्या जड, शहाण्यासारखी शांत बसलेली. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं, की काय काढलं होतं आपण. काय सुरेख काढलं होतं. दुसरं काही येण्याच्या आधी हेच आलं, आणि आलं म्हणून तो इतका शरमला की भिंतीला हात टेकून उभा राहिला. वहिनींना वाटलं, दगदग झाली. त्यांनी त्याला बसवलं आणि म्हणाल्या, चूक माझीच आहे. तिला ऊन आवडायचं म्हणून मी हट्टाने तिथं लावलं. परवा शेजारच्या बाईंनी सांगितलं की उन्हाने रंग उडतात. तुमच्या इतक्या मेहनतीचं मी वाटोळं केलं, भाऊजी.

तो म्हणाला, होतं असं उन्हाने. म्हणून टाकलं. वाक्य खोटं नव्हतं आणि त्यात लपायला जागा होती. त्याने चित्र उतरवून खुर्चीवर टेकवलं, खाली वर्तमानपत्र पसरलं, पॅलेट काढली. हाताने सवयीप्रमाणे एकेक रंग पिळला, शेवटची हिरवी मातीसुद्धा, जिचं आज काही काम नव्हतं. मग नवा क्रिमसन तेलात पातळ केला आणि ब्रश भरून घेतला. वहिनी शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या. लेकीच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या, आणि हळूच म्हणाल्या, "अशीच दिसत असणार ती शेवटी शेवटी. आणि मी बाई आंधळी." ब्रश गालापासून वीतभर अंतरावर होता. एकदा फिरवला की झालं असतं. त्याने तो खाली ठेवला. का ठेवला ते कळायच्या आधी त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानांवर आला.

"वहिनी, ऊन नसतं तरी हा रंग गेला असता. मला माहीत होतं. आणि शेवटी शेवटी नाही. हे मी तेव्हाच काढलेलं आहे. ती माझ्याकडे बसायची तेव्हाच मला अशी दिसत होती. दादानं विचारलं तर मी म्हणालो, माझं चुकलं. चुकलं नव्हतं. मी वरून लाल लावला."

वहिनींनी पदर सारखा केला. त्या चित्राकडेच पाहत राहिल्या, त्याच्याकडे नाही. त्याला वाटत होतं की त्यांनी ओरडावं, घरातून निघून जा म्हणावं, निदान रडावं तरी. त्या बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"मला शंका होती," त्या म्हणाल्या. "सकाळी तिची वेणी घालताना मानेकडं बघायचे. म्हणायचे, पोरीचा रंग असा का झाला. ह्यांना बोलले, तर म्हणाले, तुला उगाच घोर. मग तुमचं चित्र घरी आलं. किती छान दिसत होती त्यात. म्हटलं, भाऊजींचे डोळे म्हणजे कसलेले. त्यांना अशी दिसते म्हणजे अशीच असणार, मलाच भलतं दिसतंय. आणि मी बघायचं सोडून दिलं."

हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याने स्वतःला गप्प बसल्याबद्दल दोषी धरलं होतं, आणि त्या दोषाचीही त्याला एक सवय झाली होती, तो उराशी घेऊन झोपता येत होतं. आता कळलं की तो गप्प बसलाच नव्हता. त्याने चित्रातून सांगितलं होतं, आणि जिला सगळ्यात आधी दिसलं होतं तिला खोटं सांगितलं होतं. त्याला माफी मागायची होती, पण तिचा या बाईला काय उपयोग होणार हेच कळेना.

वहिनी उठल्या. त्यांनी चित्र खुर्चीवरून काढून भिंतीशी उभं केलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसल्या, उजेडाकडे तोंड करून. हात मांडीवर ठेवले. "माझ्याकडं बघा," म्हणाल्या. तो काही बोलणार होता. "बघा. आणि दिसेल ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही नको."

त्याने पाहिलं. एक डोळा मिटून, जसं तो आयुष्यभर बघत आला होता तसं. आणि सांगायला लागला, आधी चाचरत, मग जरा सावरून. कपाळ ऑकर आणि पांढरा. गाल सिएनाकडे झुकलेले, बारीक शिरांचं जाळं, ते चांगलं लाल आहे. हनुवटीखाली सावलीत थोडा हिरवा, तो या वयात सगळ्यांनाच असतो. डोळ्यांखाली निळं, झोप कमी पडते तुम्हाला. वहिनी मान हलवत होत्या, जणू दुकानातून काय काय आणलं ते ऐकत होत्या. मग तो डोळ्यांपाशी आला आणि थांबला. बुबुळाच्या बाजूचा पांढरा निव्वळ पांढरा नव्हता. पांढऱ्यात ऑकर पडला होता, कोपऱ्याकडे जास्त.

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळं दिसतंय." त्याने खिडकीकडे पाहिलं. "उन्हामुळंही असेल."

"तेव्हा काय वाटलं होतं?"

"उन्हामुळं."

वहिनी उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पडदा ओढून घेतला. खोलीतलं ऊन गेलं. त्या परत येऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चेहरा त्याच्यापुढे वर केला.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

तो स्टूल ओढून जवळ सरकला, इतका जवळ की त्यांचा श्वास त्याला लागत होता, आणि त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं.

"आहे," तो म्हणाला.